इस्त्रीचा खोकला

मी एक जुनी, कोळशावर चालणारी इस्त्री आहे. माझे वय मला वर्षांत सांगता येत नाही. इस्त्रीवाल्याचे लग्न झाले आणि त्याच महिन्यात त्याच्या सासऱ्याने हात थरथरतात म्हणून धंदा सोडला, त्या वर्षी मी जावयाच्या हाती आले. त्याआधी मी सासऱ्याकडे होते, आणि त्याच्याही आधी ओतशाळेत वाळूच्या साच्यात होते. तिथले मला फारसे काही आठवत नाही. वितळलेल्या लोखंडाला कसल्या आठवणी असणार!

मित्रांनो, तुमच्या घरातली इस्त्री विजेवर चालते आणि उचलायला हलकी असते. मी तशी नाही. मी पोटात निखारे घेऊन काम करायचे. माझे झाकण उघडून आत पेटते कोळसे भरायचे, खिटी लावायची आणि मला थोडे झुलवायचे, म्हणजे बाजूच्या भोकांतून वारा आत जाऊन कोळसे फुलायचे. मग इस्त्रीवाला बोट ओले करून माझ्या तळाला निसटते लावायचा. चर्र असा आवाज आला की मी तयार. आवाज मवाळ आला तर तो म्हणायचा, "अजून झोपेत आहेस होय?"

दुकान म्हणजे एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, टेबलावर जाड ब्लँकेट, त्यावर जुनी चादर आणि भिंतीला खुंट्या. मागे पडदा होता आणि पडद्यामागे घर. उंच माणसाला तिथे मान वाकवूनच उभे राहावे लागे. इस्त्रीवाला उंच होता. वर्षानुवर्षे मान वाकवून तो रस्त्यावरही तसाच चालू लागला. न ओळखणाऱ्यांना वाटायचे, हा माणूस फार नम्र आहे. नम्र होताच, पण मान जिन्यामुळे वाकली होती.

आमच्या कामाचे कौतुक होत असे. "तुमच्या हातची घडी मोडायला जिवावर येतं," असे वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या. इस्त्रीवाला लगेच माझ्याकडे बोट दाखवायचा. "मी नुसता ढकलतो. काम ती करते." असे कुणी बोलले की माझ्यासारख्या लोखंडालाही बरे वाटते.

पण त्या जागेत धुराला बाहेर जायला वाट नव्हती. सकाळी पहिला कोळसा पेटला की इस्त्रीवाल्याला खोकला यायचा. सुरुवातीला एकदोनदा, पुढे बराच वेळ. तो माझ्याकडे पाठ करून खोकायचा. जणू मला कुणी दोष देऊ नये, अशी त्याची धडपड असायची.

त्याची मुलगी या टेबलाखाली वाढली. गठ्ठ्यावर झोपायची, गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची. बाप तिला ठिणगी म्हणायचा, कारण ती कधी कुठे उडून बसेल याचा नेम नसे. मुलगी हुशार निघाली. परीक्षेत वर आली आणि तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला.

त्या शाळेत तिला कुणी ओळखत नव्हते, आणि तिनेही कुणाला काही सांगितले नाही. सकाळी निघताना ती कोपऱ्यावर थांबायची आणि स्वतःच्या बाह्यांचा वास घ्यायची. कोळशाचा वास आला तर बाह्या झटकायची. मला दुकानातून तो कोपरा दिसायचा. इस्त्रीवाल्यालाही दिसायचा. तो मग उगीचच एखादी घातलेली घडी उलगडून पुन्हा घालू लागायचा.

त्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा मुलांना सांगितले, की घरातली एक जुनी वस्तू घेऊन या. त्या वस्तूला बोलती करायचे आणि तिची गोष्ट इंग्रजीत लिहायची. मुलीच्या मनात घड्याळ न्यायचे होते. ते तिने खुंटीवरून काढलेही होते. पण बाप म्हणाला, "घड्याळाकडं काय आहे बोलायला? दिवसभर टिकटिक, तेच ते. हिला ने. हिच्याइतकं ऐकून घेतलेलं कुणी नाही या घरात."

"जड आहे बाबा."

"मग मी देतो की पोचवून फाटकापर्यंत."

"नको नको," मुलगी घाईने म्हणाली. "नेते मी."

बापाने मला राखेने घासले, तेलाचा हात फिरवला, मूठ पुसली आणि जुन्या चादरीत गुंडाळून दिले. चार दिवस तो सासऱ्याच्या दुसऱ्या, लहान इस्त्रीवर भागवणार होता. मुलगी मला दोन्ही हातांनी छातीशी धरून चालली होती. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. ओझ्यामुळे होते असे मला तेव्हा वाटले.

वर्गात खिडकीच्या कठड्यावर सगळ्या वस्तू मांडल्या. कंदील, चष्म्याची डबी, शिट्टी, पितळी कुलूप. मी सगळ्यांत काळी आणि जाड. एक मुलगी म्हणाली, "ईऽ, ही कुणाची?"

"आमच्या शेजारी एक इस्त्रीवाला आहे," ठिणगी म्हणाली. "त्याच्याकडून मागून आणली."

मित्रांनो, मी चांगली तापलेली असताना मला कुणी गार पाण्यात बुडवावे, तसे झाले.

त्या वर्गात मी मुक्कामाला राहिले आणि बाईंचे शिकवणे ऐकले. मुलांना अलंकार ओळखण्याची घाई फार. एका मुलाला सगळे वकील म्हणत, कारण तो बाईंशीही वाद घालायचा. 'लाइक' हा शब्द दिसला की उपमा, असे त्याने पक्के ठरवले होते. मला दूध आवडते, या अर्थाच्या इंग्रजी वाक्याखालीही त्याने रेघ मारून उपमा असे लिहिले होते. बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, दुधाची तुलना कशाशी झाली ते कोर्टाला सांगा." वर्ग हसला. वकीलही हसला.

मग बाईंनी एक कविता घेतली. किनाऱ्यावर एक मोडकी होडी पडली आहे आणि भरती आली की ती उसासा टाकते, असे त्या कवितेत होते. मुले एका सुरात म्हणाली, "पर्सॉनिफिकेशन."

"बरोबर. मार्क मिळाला," बाई म्हणाल्या. "आता खरं काम. होडीला नाक आहे का?"

"नाही."

"छाती?"

"नाही."

"मग उसासा आला कुठून? कुणाचा तरी असणार ना? कवीनं कुणाचा तरी उसासा उचलून होडीला दिलाय. निर्जीव वस्तूला माणसाचं काही दिलेलं दिसलं, की नाव सांगून थांबू नका. ते आधी कुणाचं होतं, ते शोधा."

मग वकील म्हणाला, "बाई, होडीवाल्याचा. तो म्हातारा झालाय. पण स्वतःचं सांगायची त्याला लाज वाटतेय."

"आता कसं," बाई म्हणाल्या.

ठिणगी तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हती. ती खाली मान घालून भराभर लिहीत होती. लिहिताना तिला सगळ्याचा विसर पडायचा, आणि तिथेच तिची चूक झाली.

लेख वाचायचा दिवस आला. तिने मला बाईंच्या टेबलावर ठेवले आणि उभे राहून माझी गोष्ट वाचली. इंग्रजीत वाचायची आणि बाई सगळ्यांसाठी मधून मधून अर्थ सांगायच्या. पोटातले निखारे, ओल्या बोटाचा चर्र आवाज, जिन्यावरून लोक चढले की चादरीवर पडणारी माती, सगळे त्यात होते. माझा मालक भला माणूस आहे आणि तो या मुलीच्या शेजारी राहतो, असेही होते. आणि एक वाक्य असे होते, की सकाळी पहिला कोळसा पेटतो तेव्हा मला खोकला येतो, आणि घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून मी तो कपड्यांच्या गठ्ठ्यात दाबते.

बाईंनी पुस्तक मिटले. "सुंदर," त्या म्हणाल्या. "यात पर्सॉनिफिकेशन कुठं आहे?"

वकिलाचा हात आधीच वर होता. "बाई, खोकला. इस्त्रीला खोकला येत नाही. खोकला त्या इस्त्रीवाल्याचा आहे."

"छान."

"पण बाई, एक शंका. तो शेजारी राहतो ना? मग तो पहाटे गठ्ठ्यात तोंड खुपसून खोकतो, हे हिला कसं माहीत? ते ऐकायला त्याच्याच घरात झोपायला पाहिजे."

तो वाईट मुलगा नव्हता. बाईंनी जे शिकवले तेच त्याने केले होते. पण सगळ्या वर्गाच्या माना ठिणगीकडे वळल्या. कुणीतरी हळूच म्हणाले, "हिचाच गणवेश रोज एवढा कडक कसा असतो?" ठिणगीचा चेहरा माझ्या पोटातल्या निखाऱ्यासारखा झाला.

"भिंत पातळ आहे आमची," ती म्हणाली. "ऐकू येतं."

तेवढ्यात दार वाजले. बाईंकडे स्नेहसंमेलनाची व्यवस्था होती आणि रंगमंचाचे पडदे त्यांनी इस्त्रीला दिले होते. कुठल्या इस्त्रीवाल्याला, ते शिपायाने ठरवले होते, आणि शिपाई आमच्याच भागात राहायचा. दारात इस्त्रीवाला उभा होता. खांद्यावर पडद्यांचा गठ्ठा आणि मान वाकलेली. खरे तर ते दार चांगले उंच होते.

त्याने आधी मला पाहिले. मग मुलीला. मुलगी बाकाकडे बघत होती.

बाईंच्या अजून काही लक्षात आले नव्हते. त्या आनंदाने म्हणाल्या, "अरे वा, बरे आलात. इस्त्रीवाले तुम्हीच ना? आमच्या एका मुलीनं इस्त्रीवर फार चांगलं लिहिलंय. ही तुमचीच का?"

बाई माझ्याविषयी विचारत होत्या. त्यांचा हात माझ्यावर होता. पण इस्त्रीवाल्याने मुलीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिले.

"इस्त्री माझीच, बाई," तो म्हणाला. "पोरगी शेजारची. मागायला आली, दिली. गुणी आहे हो पोर."

एवढे बोलून त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला. गठ्ठा उचलून तो बराच चालला होता. त्याला खोकला आला. त्याने तो दाबायचा प्रयत्न केला. मग ज्या गठ्ठ्याची घडी त्याने स्वतः घातली होती, त्यातच तोंड घालून तो खोकला.

वकिलाने तोंड उघडले होते, ते मिटून घेतले. बाईंनी टेबलावरची माझी मूठ घट्ट धरली होती, तेवढे मला कळले. इस्त्रीवाला "येतो बाई" म्हणाला आणि गेला.

लाज कुणाकुणाला वाटली, ते मी सांगते. मुलीला वाटली, ती तुम्ही समजू शकता. वकिलाला वाटली, कारण तो दिवसभर कुणाशी बोलला नाही. बाईंना वाटली. आणि मला वाटली. तो खोकला मूळचा माझ्या धुराचा होता. मुलीने तो बापाकडून काढून मला दिला, तेव्हा तिने माझीच वस्तू मला परत केली होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "संमेलनात हा लेख तू वाचायचा आहेस. पण त्यात एक वाक्य राहिलंय. कुठलं ते मी सांगणार नाही."

ती मला घेऊन घरी आली तेव्हा बाप चादरीवर पाणी शिंपडत होता. तिला पाहून त्याने पडद्याकडे तोंड करून हाक दिली, "अगं, शेजारीण आलीय. चहा टाक."

"कोण शेजारीण?" आतून आई म्हणाली.

"ही काय."

"काहीतरीच तुमचं," म्हणत आईने चहा टाकला. तिला काही माहीत नव्हते आणि त्याने कधी सांगितलेही नाही. मुलगी कप हातात घेऊन उभी राहिली. चहा गार झाला तरी ती प्यायली नाही. त्या दिवसापासून ठिणगी हे नाव मागे पडले. बाप तिला शेजारीण म्हणू लागला. रागाने कधीच नाही. हसून म्हणायचा, आणि म्हटल्यावर थोडे थांबायचा. तो का थांबतो, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले.

संमेलनाला आईबाप दोघे आले. बापाने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते शेवटच्या रांगेत बसले होते. मी रंगमंचावर एका स्टुलावर होते. मुलीने वाचायला सुरुवात केली. यावेळी मध्ये अर्थ सांगणारे कुणी नव्हते. शेवटी ती थांबली, आणि जे कागदावर नव्हते ते तिने इंग्रजीत म्हटले. वर्गात राहून मला तेवढी इंग्रजी येत होती. खोकला इस्त्रीचा नाही, तो माझ्या वडिलांचा आहे, असे ती म्हणाली. पुढे म्हणाली, की इस्त्री त्यांची आहे आणि मीही त्यांची आहे.

टाळ्या पडल्या. इस्त्रीवाल्यानेही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या, असे मला वाटले.

परतताना मी त्याच्या हातात होते. तो म्हणाला, "शेवटी फार टाळ्या पडल्या. काय म्हणालीस गं?"

"इस्त्रीचंच."

"शेजाऱ्याचं आलं का त्यात?"

"आलं," ती म्हणाली.

"मग बरं झालं. सांगतो त्याला," असे म्हणून तो हसला आणि पुन्हा थांबला. मुलगी पुढे चालू लागली. भरल्या सभागृहात परक्या भाषेत जे तिला सांगता आले, ते रिकाम्या रस्त्यावर आपल्या भाषेत एका माणसाला सांगता आले नाही. बापाला इंग्रजी येत नाही याचे तिला बरे वाटले होते, आणि तसे बरे वाटल्याची पुन्हा लाज.

पुढची वर्षे भराभर गेली. विजेची इस्त्री आली आणि मी दार अडवायच्या कामाला लागले. मुलगी शिकली, कचेरीत लागली, तिचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. आई गेल्यावर तिने बापाला आपल्या घरी आणले. दुकानातून त्याने एकच वस्तू सोबत घेतली, ती म्हणजे मी. त्या घरात पाहुणे यायचे असले, की मुलगी मला पायाने कपाटामागे सरकवायची. बाप ते पाहायचा. माझ्यावर गंज चढला. शेजारीण हे लाडाचे नाव आहे, असे जावयाला वाटायचे.

बापाचा खोकला वाढत गेला. एका थंडीत तो खाटेवरून उठेनासा झाला, तेव्हा नवा, तरुण डॉक्टर घरी आला. मी खाटेच्या पायाशी होते. डॉक्टरने छाती तपासली आणि विचारले, "धुरात काम केलंय का यांनी?" मग मुलीकडे वळून म्हणाला, "आपण यांच्या कोण?"

खाटेवरून दम लागलेला आवाज आला. "शेजारीण आहे. चांगली आहे." तो हसला आणि नेहमीसारखा थांबला.

"नाही," मुलगी म्हणाली.

तिचा आवाज एवढा मोठा झाला, की आतल्या खोलीतून जावई बाहेर आला.

"मी यांची मुलगी आहे. हे माझे वडील. यांचं जिन्याखाली इस्त्रीचं दुकान होतं. त्या धुरावर मी शिकले, आणि शाळेत विचारलं तेव्हा सांगितलं, की हे शेजारी आहेत."

डॉक्टर गोंधळून कधी तिच्याकडे, कधी हातातल्या पेनाकडे पाहू लागला.

"अगं, त्याला कशाला एवढं?" बाप म्हणाला. "औषध कुणाला समजावून सांगायचं, तेवढंच विचारतोय तो."

डॉक्टर गेल्यावर मुलगी खाटेवर बसली. बापाने विचारले, "संमेलनात हेच म्हणाली होतीस ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"मला कुठली इंग्रजी! पण तू बोलताना माझ्याकडं बघितलंस, आणि तुझ्या बाई वळून माझ्याकडं बघायला लागल्या. मग पुढच्या सगळ्यांच्या माना वळल्या. माना कळतात मला."

"मग एवढी वर्षं शेजारीण का म्हणत राहिलात?"

"तू नाही म्हणशील म्हणून," तो म्हणाला. "दर वेळी वाट बघत होतो."

मुलगी पुष्कळ वेळ त्याचा हात धरून बसली. मग उठली, राख नव्हती म्हणून भांड्यांच्या पावडरने तिने माझा गंज घासला, तेलाचा हात फिरवला आणि मला पुढच्या खोलीत टेबलावर ठेवले. त्या दिवसापासून मी तिथेच आहे. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि ती सांगते.

मित्रांनो, तुम्ही शाळेत कविता शिकाल. पाऊस रडतो, वारा रागावतो, दिवा वाट पाहतो, असे वाचाल. अलंकाराचे नाव जरूर लिहा, त्याला मार्क असतो. पण ते रडणे आणि वाट पाहणे आधी कुणाचे होते, ते शोधल्याशिवाय पान उलटू नका. आणि तुमच्या घरातली काळवंडलेली हत्यारे पुसून ठेवा. त्यांच्या मुठी कुणाच्या हातांनी गुळगुळीत झाल्या, ते विचारले तर लगेच सांगा. आपल्याच भाषेत सांगा, आणि तो माणूस ऐकत असताना सांगा.

इस्त्रीवाला गेला तो त्याच थंडीत, नातीला शाळेत घातले त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, पहिला कोळसा पेटवायच्या वेळेला.